घरात इंटरनेटची तार

घर बांधायला काढले की आपण चुलीची जागा ठरवतो. न्हाणीचे पाणी कुठे जाईल ते पाहतो. आता आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी लागते. ती म्हणजे इंटरनेटची तार.

आधी आमची चूक सांगतो. झरीत आम्ही नवे घर बांधले. वायरमनने विचारले, "गुरुजी, इंटरनेटचा पाइप टाकायचा का?" आम्ही म्हणालो, "कशाला? ते हवेतून येतं ना!" गिलावा झाला, रंगही झाला. मग २०२० साली शाळा बंद झाल्या आणि नातीचा वर्ग मोबाइलवर भरू लागला. राउटर पुढच्या खोलीत, नात मागच्या खोलीत. मध्ये तीन भिंती आणि एक लोखंडी कपाट. बाईंचा आवाज तुटायचा. पोर ओसरीवर येऊन गणित करायची. समोरून ट्रॅक्टर गेला की ते उदाहरण गेलेच! शेवटी नव्या भिंतीला छन्नीने झिरी मारावी लागली.

हवेतून येते, पण ते घरातल्या घरात. घरापर्यंत बहुधा तारच येते. ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तिला आज भारतनेट म्हणतात. ही तार काचेची असते. केसासारख्या बारीक काचेतून उजेड धावतो. घरात राउटर त्याच्या लहरी करून सोडतो. तेच वाय-फाय.

लहरींना भिंत अडवते. विटांची पातळ भिंत थोडी अडवते. माळवदाच्या घराची दोन हात रुंद दगडमातीची भिंत फार अडवते. सळईचा स्लॅब, लोखंडी पेटी, पाण्याची भरलेली टाकी, हीही आड येतात. लहरी मुख्यतः दोन तऱ्हेच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झची लांब पोचते, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. म्हणून राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला ठेवावा. देवळीत ठेवू नये. तिथे तिन्ही बाजूंनी भिंतच असते.

जिथे मूल अभ्यासाला बसणार, त्या खोलीत मात्र तारच न्या. दुकानात 'कॅट सिक्स' म्हणून मागा. आत आठ तारा असतात. दोन-दोन तारांना दोरीसारखा पीळ दिलेला असतो. त्यामुळे बाहेरची खरखर आत शिरत नाही. तार पूर्ण तांब्याची आहे का, हे विचारून घ्या. वर तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम, असाही माल मिळतो. १०० मीटरपर्यंत ही तार चालते. आपल्या घराला तेवढे पुष्कळ झाले.

पाइप गिलाव्याआधीच टाकावा. विजेच्या पाइपातून ही तार ओढू नये. दोन्ही पाइपांत वीतभर अंतर ठेवावे. पाइपात एक दोरा ओवून ठेवावा, म्हणजे पुढे दुसरी तार ओढता येते.

गोठ्यापर्यंत तांब्याची तार उघड्यावरून नेऊ नका. जवळ वीज पडली तर झटका तारेतून घरात येतो. तिथे काचेची तार बरी.

आमच्या भिंतीवर झिरीचे ठिगळ अजून दिसते. दोनदा रंग दिला, पण मेळ काही बसला नाही.