संगणकातील हराळी
आमच्या आदिलाबादकडे कपाशीतली हराळी नुसती वरून खुडून भागत नाही. संगणकावर आपोआप उघडणाऱ्या जाहिरातींचेही तसेच आहे. खिडकी बंद केली की दुसरी हजर! मी प्रथम प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावतो आणि जाहिराती सुरू झाल्या त्या सुमाराचा अनोळखी प्रोग्रॅम काढतो. मग ब्राउझरमधील एक्स्टेन्शन व नोटिफिकेशनच्या परवानग्या तपासतो. ही परवानगी पुष्कळदा आपणच दिलेली असते.

प्रश्न केवळ त्रासाचा नाही. २०१४ साली लेनोवोच्या काही लॅपटॉपवर कंपनीकडूनच आलेल्या 'सुपरफिश'ने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवून सुरक्षित संकेतस्थळांतही जाहिराती घुसविल्या. त्यामुळे बँकेचा पासवर्डसुद्धा धोक्यात आला. प्रोग्रॅम काढला तरी ते प्रमाणपत्र राहतच असे. ते वेगळे पुसावे लागले.