मागच्या सीटचा बेल्ट

नोव्हेंबर लागला की गावी निघालेली मराठी कुटुंबं सल्ल्याला येतात. टायफॉइडची लस घ्यायची का, मुलांना पाणी कुठलं द्यायचं, डास चावू नयेत म्हणून काय लावायचं? प्रश्न रास्त आहेत. पण मुंबईत उतरल्यावर गाडीत मूल कुठे बसवणार, हे फारसं कुणी विचारत नाही. खरं तर धडधाकट माणसाच्या जिवाला प्रवासात सर्वांत मोठा धोका रस्त्यावर असतो. बिघडलेलं पोट चार दिवसांत ताळ्यावर येतं.

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलमध्ये राहून आपण थोडे लाडावलो आहोत. १९४९ मध्ये नवं शहर म्हणून याची आखणी झाली. पायी आणि सायकलवर जाणाऱ्यांना रस्त्याखालून वाटा मिळाल्या, आणि चौकाऐवजी राउंडअबाउट, तेही इतके की नवखा माणूस गरगरतोच. शेजारच्या क्रोथर्नमध्ये देशाची रस्ते-संशोधन प्रयोगशाळा कित्येक दशकं होती. मिनी राउंडअबाउटचे जनक फ्रँक ब्लॅकमोर तिथलेच. आता त्या जागेवर घरं झाली आहेत. इथे चूक झाली तरी रस्ता बऱ्याचदा सांभाळून घेतो. गावाकडच्या रस्त्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

ब्रॅकनेलमध्ये शाळेपर्यंतच्या दहा मिनिटांसाठीही कार सीटचे पट्टे आवळणारे आईबाप मुंबई विमानतळाबाहेर टॅक्सीत बसले की तेच मूल मांडीवर घेतात. 'मी घट्ट धरलंय ना' हे वाक्य मला पाठ झालं आहे. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी कशावर आदळली, तर १० किलोचं मूल त्या क्षणी ३०० किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. तेवढं वजन हातांनी थोपवणारी आई जगात नाही. आपल्याच बेल्टमध्ये मुलाला घेणं तर त्याहून वाईट, कारण तुमच्या शरीराचा सगळा भार त्याच्यावर येतो.

म्हणून कार सीट बरोबर न्या. बऱ्याच विमान कंपन्या ती सामानात वेगळे पैसे न घेता नेतात, बुकिंग करताना विचारून ठेवा. तिकडच्या टॅक्सीत आयसोफिक्सचे हुक मिळतीलच असं नाही, तेव्हा बेल्टने सीट कशी बांधायची हे इथेच घरासमोर एकदा करून पाहा. टॅक्सी ठरवताना 'मागे बेल्ट चालू पाहिजेत' असं आधीच सांगा. बेल्ट असतो, पण त्याचं बक्कल सीट कव्हरखाली दडपलेलं असतं. सामान डिकीत जाण्याआधी कव्हर वर करून ते बाहेर काढा. ड्रायव्हर हसला तर हसू दे. भारतातल्या कायद्यातही मागच्या प्रवाशाला बेल्ट सक्तीचा आहे, १००० रुपये दंड आहे.

इथल्या थंडीसाठी एक सूचना. फुगीर जाकीट घालून मुलाला कार सीटमध्ये बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसताच जाकीट दबतं आणि मूल पट्ट्यातून निसटू शकतं. जाकीट काढा, पट्टा आवळा आणि वरून पांघरूण घाला.

उन्हाळ्यात आईबाबा इकडे येतात तेव्हा गाडी याच मुद्द्यावर अडते. 'मागे कशाला बेल्ट?' ब्रिटनमध्ये पुढच्या सीटवर बेल्ट १९८३ पासून आणि मागे मोठ्यांना १९९१ पासून सक्तीचा आहे. न लावणाऱ्या मोठ्या माणसाला स्वतःला ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण वडीलधाऱ्यांना दंडाचा धाक घालण्यापेक्षा सप्टेंबर २०२२ मधल्या पालघरच्या अपघाताची आठवण करून द्या. उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीतले पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. मागचा मोकळा माणूस पुढच्यावरही आदळतो, म्हणजे आजोबांचा हट्ट गाडी चालवणाऱ्या लेकीलाही भोवू शकतो.

बेल्ट लावायचा तोही नीट. खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. तिरका पट्टा खांद्यावरून छातीच्या मध्यातून जावा, काखेखालून नको. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यावा. बायपासनंतर छाती दुखत असेल तर पट्ट्याखाली छोटा टॉवेल घडी करून ठेवा, पण बेल्ट टाळू नका.

आता चालवणाऱ्यांविषयी थोडं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आणि दर दोन तासांनी साखर तपासावी. इथल्या मापाने ती किमान ५ हवी, गावाकडच्या मापाने ९०. जूनमध्ये गवताच्या परागांनी नाक गळायला लागलं की काउंटरवरची गोळी घेतली जाते. त्यातल्या काही गोळ्यांनी पेंग येते, फार्मासिस्टला विचारूनच घ्या.

आणि झोप. रात्रभराचं विमान, साडेपाच तासांचा फरक, आणि उतरल्याबरोबर साताऱ्याचा किंवा नाशिकचा रस्ता, हा बेत मला मुळीच पसंत नाही. एक रात्र मुंबईत काढा. ते जमत नसेल तर ड्रायव्हरची झोप झाली आहे का ते विचारा. रात्री दोन ते सकाळी सहाच्या दरम्यान त्याचा डोळा लागण्याची शक्यता जास्त. काच खाली करून किंवा गाणी लावून पेंग जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून कॉफी घ्यायची आणि पंधरा-वीस मिनिटं डुलकी काढायची, एवढाच उतारा आहे, आणि तोही थोड्या वेळापुरता. परतताना हीथ्रोला उभी केलेली गाडी स्वतःच चालवत ब्रॅकनेलला येणाऱ्यांनाही हेच लागू.

महाराष्ट्रात अपघात दिसला तर १०८ लावा. मान हलवू नका, पाणी पाजू नका, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तसं संरक्षण दिलं आहे.