कव्हर कशासाठी, काच कशासाठी?

नवा मोबाइल घेतला की दुकानदार लगेच दोन वस्तू पुढे करतो. एक मऊ कव्हर आणि दुसरी पडद्यावर चिकटवायची पातळ काच, म्हणजे स्क्रीनगार्ड. हा खर्च करावा की टाळावा? प्रश्न साधा आहे, पण क्षुल्लक नाही. आपल्या गंगाखेड तालुक्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. आईवडील फडात आणि मुले गावात आजीजवळ असतील, तर त्यांच्या गाठीभेटी मोबाइलवरच होतात. तो फुटला तर नुसती काच फुटत नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत न शोधता भौतिकशास्त्रात शोधू या.

पडताना काय घडते?

समजा, २०० ग्रॅमचा मोबाइल १ मीटर उंचीवरून निसटला. जमिनीशी पोचताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर होतो. त्याच्यापाशी सुमारे २ ज्यूल गतिज ऊर्जा असते. ही ऊर्जा फार मोठी नाही. खरा प्रश्न असा, की ती किती अंतरात शोषली जाते?

बल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे कार्य. शाहाबादी फरशीवर उघडा मोबाइल समजा अर्ध्या मिलिमीटरात थांबला, तर सरासरी बल २ भागिले ०.०००५, म्हणजे सुमारे ४,००० न्यूटन येते. मऊ कव्हर दबल्यामुळे तोच मोबाइल २ मिलिमीटरात थांबला, तर बल १,००० न्यूटन होते. थांबण्याचे अंतर चौपट झाले, बल चौथाईवर आले. कुंभार मडकी गवतात बसवून बाजाराला नेतो, ते याच कारणाने.

यावरून कव्हर कसे निवडावे हेही कळते. ते दबणारे असावे. कडक, चकचकीत कव्हर दिसायला छान असले तरी दबत नाही. कोपऱ्यांवर ते जाड असावे, कारण मोबाइल बहुधा कोपऱ्यावर पडतो. शिवाय त्याचा काठ पडद्यापेक्षा किंचित उंच असावा. मग मोबाइल सपाट फरशीवर पालथा पडला तरी काच फरशीला टेकत नाही. रस्त्यावरच्या खडीचे टोक मात्र काठाच्या आत शिरू शकते. तिथे कव्हरचा इलाज चालत नाही.

काच का फुटते?

काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. काच वाकली की ताण या चिरांच्या टोकाशी एकवटतो आणि चीर धावत सुटते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही गोष्ट मांडली. मोबाइलच्या पडद्यासाठी बहुधा रासायनिक रीतीने बळकट केलेली काच वापरतात. ती पोटॅशियमच्या तप्त, वितळलेल्या क्षारात बुडवली, की तिच्यातील लहान सोडियम आयनांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन घुसतात. पृष्ठभागावर दाटी होते, तो दाबला जातो आणि चिरा मिटलेल्या राहतात. परंतु खोल ओरखडा हा दाबलेला थर भेदून गेला, तर काच पुढच्या धक्क्याला कमी पडते.

ओरखडा कोण काढतो?

खिशातल्या किल्ल्या आणि नाणी यांवर आपण उगीच संशय घेतो. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोह्स यांनी १८१२ साली खनिजांच्या काठिण्याची १ ते १० अशी श्रेणी लावली. जो पदार्थ अधिक कठीण, तो दुसऱ्यावर ओरखडा काढतो. काच या श्रेणीत साधारण ६ च्या आसपास येते. किल्ल्या व नाणी बहुधा तिच्याहून मऊ असतात. शाहाबादी फरशी चुनखडकाची, म्हणून तीही मऊ. पण गारगोटीचे काठिण्य ७ आहे, आणि गोदावरीच्या वाळूत, शेतातल्या धुळीत तिचे बारीक कण असतात. खिशात शिरलेली ही चिमूटभर वाळूच पडदा घासते. म्हणून मोबाइल धुळीने माखला तर कोरड्या फडक्याने रगडू नका. आधी धूळ फुंकून किंवा झटकून टाका.

स्क्रीनगार्डचे खरे काम इथे आहे. ओरखडे तो स्वतःवर घेतो. तो खराब झाला की बदलता येतो. पडदा बदलणे महाग पडते.

मात्र पाकिटावरील '९एच' या अक्षरांना भुलू नका. मोह्सच्या श्रेणीत ९ म्हणजे माणिक आणि नीलम. '९एच' ही पेन्सिलींची श्रेणी आहे. चित्रकलेच्या तासाला तुम्ही एचबी, २बी, २एच या पेन्सिली वापरता ना? त्याच मालिकेतील ९एच पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळू तिथेही ओरखडा काढतेच.

'गार्ड फुटला म्हणून पडदा वाचला', असेही ऐकू येते. गार्ड पातळ असतो, तो कमी बलालाही फुटतो. त्या धक्क्याने पडदा फुटलाच असता, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

हिशेब

समजा, कव्हर १५० रुपयांचे आणि नवा पडदा ३,००० रुपयांचा. १५० हा ३,००० चा विसावा भाग. म्हणजे वीस जणांनी कव्हर घेतले आणि एकाचाच पडदा त्यामुळे वाचला, तरी वीसही जणांचा खर्च निघतो. आपल्या मोबाइलचे आकडे घालून तुम्ही हा हिशेब करा. शेतात, रस्त्यावर मोबाइल वापरणाऱ्याला दोन्ही वस्तू घेणे शहाणपणाचे. पैसे एकीपुरतेच असतील तर आधी कव्हर घ्यावे.

एक सावधगिरी मात्र हवी. रबर आणि प्लास्टिक उष्णतेचे दुर्वाहक आहेत. चार्जिंग करताना मोबाइल तापतो, आणि उष्णतेने बॅटरी लवकर जुनी होते. एप्रिल-मे महिन्यांत चार्जिंगच्या वेळी कव्हर काढून ठेवावे.

करून पाहा

एकाच पेटीतील २० खडू घ्या. १० खडू १ मीटर उंचीवरून आडवे धरून फरशीवर सोडा. उरलेले १० त्याच उंचीवरून, तसेच आडवे धरून, चार घड्यांच्या सुती कापडावर सोडा. दोन्हींत किती मोडले ते लिहा. एकही न मोडल्यास उंची वाढवा, पण दोन्हींसाठी सारखीच. मग घड्या दोन, एक अशा कमी करत जा. किती घड्यांपर्यंत खडू वाचतात? कव्हर किती जाड असावे, याचा विचार तुम्हाला या आकड्यांवरून सुरू करता येईल.