परीक्षानळी लेकराच्या हातात पडू द्या

पालकहो,

जानेवारी उजाडला की मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागलेल्या असतात आणि शाळा-कॉलेजांत प्रात्यक्षिक वह्यांवर सह्या घेण्याची घाई चाललेली असते. घरातल्या मोठ्यांचं लक्ष वेचणीकडं आणि भावाकडं असणार, हे मी समजू शकते. लेकराचं प्रात्यक्षिक मात्र मग ‘होऊन जातंय’ या खात्यात पडतं. दहावीला विज्ञानाच्या 100 पैकी 20 गुण आणि बारावीला रसायनशास्त्राच्या 100 पैकी 30 गुण लेखी परीक्षेबाहेरचे. हे गुण मिळूनच जातात असं आपण धरून चालतो. त्यामुळं लेकरानं काय केलं, काय पाहिलं, हे विचारायचंच राहून जातं.

अवक्षेपणाचाच प्रयोग घ्या. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की दह्याच्या गुठळीसारखा पांढरा अवक्षेप खाली बसतो. सोडियम सल्फेटच्या द्रावणात बेरियम क्लोराइड टाकलं की पांढरीशुभ्र भुकटी. दोन नितळ द्रावणं एकत्र आली, आयनांची अदलाबदल झाली आणि पाण्यात न विरघळणारा तिसराच पदार्थ तयार झाला. पुस्तकात ही एक ओळ असते, ‘दुहेरी विस्थापन अभिक्रिया’. ती ओळ पाठ करायला दोन मिनिटं लागतात. परंतु नितळ पाणी आपल्या हातानं गढूळ होताना पाहिलं, की ते समीकरण वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता आपल्या भागातली एक अडचण सांगते, कारण ती पुस्तकात ठळकपणे सांगितलेली नसते. आपल्याकडं काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरी साय धरते, बंबात आणि गिझरमध्ये खपली बसते. ती खपली म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे अवक्षेपच. या पाण्यात क्लोराइड असतं, पुष्कळदा सल्फेटही असतं. परीक्षानळी अशा पाण्यानं विसळली किंवा त्यातच द्रावण केलं, की सिल्व्हर नायट्रेट टाकताच गढूळपणा येतो आणि लेकरू प्रत्येक क्षारात क्लोराइड आहे असं लिहून मोकळं होतं. त्याची चूक नसते, पाण्यानं फसवलेलं असतं. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी लागतं. आरओचं पाणीही यासाठी पुरेसं शुद्ध नसतं. लेकराला सांगा, सुरुवातीला नुसत्या पाण्यातच सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून बघ. पाणी नितळ राहिलं तरच पुढं जा.

दुसरी गोष्ट घाईची. बारावीच्या क्षार-विश्लेषणात ॲल्युमिनियमच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं घातलं, तर पांढरा, चिकट, पेजेच्या सायीसारखा अवक्षेप येतो. तेच एकदम ओतलं, तर आलेला अवक्षेप पुन्हा विरघळून जातो आणि नळीत काहीच दिसत नाही. झिंकचंही तसंच. ‘अधिक मात्रेत विरघळतो’ हे वाक्य वहीत असतं, पण तो क्षण पाहायला हात सावकाश चालावा लागतो. क्लोराइडच्या चाचणीआधी विरल नायट्रिक आम्ल का घालायचं, हा तोंडी परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. उत्तर साधं आहे: सिल्व्हर कार्बोनेटचाही अवक्षेप येऊ शकतो, आम्लात तो टिकत नाही. हे ‘का’ घरी जेवताना विचारायला तुम्हाला रसायनशास्त्र येण्याची गरज नाही. लेकरू समजावून सांगू शकलं, तर त्याला कळलं आहे.

मला सगळ्यात जास्त कशाची चिंता वाटते, तर निरीक्षणं आधीच लिहून ठेवण्याची. प्रयोग करायच्या आधी वहीत ‘पांढरा अवक्षेप’ लिहिलेलं असतं. परीक्षेच्या दिवशी आधीची तुकडी बाहेर पडताच ‘सॉल्ट कोणतं आलं’ याची बातमी पसरते. हे थांबवायची जबाबदारी शिक्षकांची आहेच, पण घरून ‘कसंही कर, पैकीच्या पैकी आण’ असा निरोप गेला की लेकरापुढं दुसरा मार्ग उरत नाही. त्याला स्पष्ट सांगा: तुला जे दिसलं तेच लिही, नाही दिसलं तर पुन्हा कर, एखादा गुण गेला तर घरात कुणी बोलणार नाही. डोळ्यांना दिसलेलं प्रामाणिकपणे लिहिण्याची सवय पंधराव्या-सोळाव्या वर्षी लागली, तर ती टिकते. ‘नीट’साठी प्रात्यक्षिकाचा काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते, की नीट आणि जेईई मेन या दोन्हींच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक रसायनशास्त्राचा वेगळा घटक आहे.

घरीही एक प्रयोग होतो. पानाला लावायचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरचं नितळ पाणी काढून घ्या. त्यात स्ट्रॉनं हलकेच फुंकर घातली की ते दुधाळ होतं. फुंकत राहिलं की पुन्हा निवळतं. ते उकळलं की परत गढुळतं. बंबातल्या खपलीचं सगळं गणित त्यात आलं. पण तुम्ही समोर बसा. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, आणि ते पाणी ओढायचं नाही, फक्त फुंकायचं.

प्रयोगशाळेतली रसायनं मात्र घरी आणू देऊ नका. बेरियम क्लोराइड विषारी आहे, शिशाचे क्षारही. तोच बेरियम सल्फेटच्या रूपात पोटाच्या एक्स-रेआधी रुग्णाला प्यायला देतात, कारण तो इतका अविद्राव्य की शरीरात शोषला जात नाही. लेकराला हा फरक सांगा, त्याला गंमत वाटेल आणि सावधपणाही येईल. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सुती कपडे, बांधलेले केस, पोटात दोन घास, आणि परत आल्यावर साबणानं हात. बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग दिसले तर रागावू नका, काही दिवसांत जातात.

आणि एक मागणं. येत्या पालकसभेला टक्केवारीच्या आधी प्रयोगशाळा दाखवा म्हणा. एका परीक्षानळीमागं किती लेकरं उभी असतात, वर्षभरात किती प्रयोग खरोखर हातानं झाले, हे नम्रपणे विचारा. शाळेकडं शुद्ध पाणी कमी पडत असेल, तर ऑटोमोबाईलच्या दुकानात बॅटरीसाठी मिळणाऱ्या ऊर्ध्वपातित पाण्याचे कॅन चार पालकांनी मिळून शिक्षकांना विचारून द्यावेत. वेचणी कितीही अडलेली असली, तरी प्रात्यक्षिकाच्या दिवशी लेकराला रानात थांबवून घेऊ नका.