नहपानाचं नाणं घेण्याआधी

चि. ओंकार,

तू पाठवलेला फोटो पाहिला. क्षत्रप राजा नहपानाचं चांदीचं नाणं, वर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा. पहिल्या पगारातून असं काही घ्यावंसं वाटलं, याचा मला फार आनंद झाला. तरीही इतक्यात घेऊ नकोस.

या नाण्यांचं मोल आपल्याला कळलं ते सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीमुळे. १९०६ साली तिथे नहपानाची १३,०००हून जास्त नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हं ठोकली होती. नाशिकच्या पांडवलेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख सांगतो की तिच्या मुलाने, म्हणजे गौतमीपुत्राने, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा, वंश निर्मूल केला. एकट्या लेखावरून कुणी म्हणालं असतं, आईने केलेली स्तुती आहे. जोगलटेंभीच्या निधीने तिचा शब्द खरा ठरवला. ठसा मारलेली आणि न मारलेली नाणी एकाच ठिकाणी निघाली, म्हणून हरलेल्या राजाचं चलन चालू असतानाच त्यावर नवी सत्ता उमटत होती, हे दिसलं. हीच नाणी सुटी सुटी बाजारात गेली असती, तर हे प्रमाण कुणी मोजलं असतं?

आज मेटल डिटेक्टर घेऊन खणणारे नेमकं हेच हरवतात. उठावदार नाणी निवडून घेतात, झिजलेली आटवतात, ती ज्यात पुरलेली असतात ते मडकं तिथेच फोडून टाकतात. मग एकेक नाणं ‘जुन्या संग्रहातलं’ म्हणून पुढे सरकतं.

हे थांबवायला कायदा आहे. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. सरकारने ते घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. धातूची, नाण्याची नव्हे! शेतकरी गुपचूप व्यापाऱ्याकडे जातो तो यामुळेही, आणि त्याला मी दोष देत नाही. दोष घेणाऱ्याचा, कारण कुठून आलं हे तो विचारत नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्याने अशा वस्तू विकण्याच्या धंद्याला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

तेव्हा विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी माग: परवाना, आधीच्या मालकाची पावती आणि नाणं कुठल्या निधीतलं आहे ते. ‘शेतात सापडलं’ एवढंच म्हणाला, तर विषय सोड. कागद आले तर मला पाठव, आपण अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत जाऊन जाणकारांना विचारू. तोवर पैसे देऊ नकोस.

तुझा,
मामा