ही कादंबरी वाचलीस का?

एखादे पुस्तक फार आवडले, की ते आपल्यापुरते ठेवता येत नाही. कधी एकदा मित्राला सांगतो, असे होऊन जाते. शाळेच्या मधल्या सुट्टीत, मशिदीजवळच्या चौकात, एस. टी. च्या रांगेतसुद्धा हे बोलणे चालते. “वाचलीस का? मग आधी वाच!” एवढ्या दोन वाक्यांवर कितीतरी पुस्तके या घरातून त्या घरात गेली आहेत.

उर्दूत आपण ज्याला ‘नाविल’ म्हणतो, त्याला मराठीत ‘कादंबरी’ म्हणतात. ‘नाविल’ हा शब्द इंग्रजीतून आला. ‘कादंबरी’ या शब्दाची हकिकत मात्र वेगळी आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृत भाषेत एक मोठी गद्यकथा लिहिली. तिच्या नायिकेचे नाव कादंबरी. त्या एका मुलीचे नाव मराठीत सगळ्याच लांब कथांना मिळाले!

उर्दूतील पहिली कादंबरी म्हणून ‘मिरातुल उरूस’ हे नाव सांगतात. ती 1869 साली प्रसिद्ध झाली. मिरातुल उरूस म्हणजे वधूचा आरसा. डेप्युटी नझीर अहमद यांनी ती छापण्यासाठी लिहिलीच नव्हती. त्यांच्या मुलींना वाचायला योग्य अशी पुस्तके मिळत नव्हती. मुलींना वाचायला शिकवायचे आणि हाती पुस्तकच द्यायचे नाही, हे कसे चालेल? म्हणून वडील स्वतःच थोडी थोडी गोष्ट लिहून देऊ लागले. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती गोष्ट. थोरली हट्टी आणि अविचारी, धाकटी शहाणी आणि व्यवहारी. मुली लिहिलेली पाने वाचून संपवत आणि पुढच्या पानांसाठी वडिलांच्या मागे लागत. आजूबाजूच्या बायकाही ती गोष्ट ऐकायला उत्सुक असत.

पुढे काय झाले, त्याची एक आठवण सांगतात. शिक्षण खात्याचे संचालक केंपसन साहेब दौऱ्यावर आले होते. नझीर अहमद यांचा लहान मुलगा बशीर त्यांना भेटला. साहेबांनी सहज विचारले, “तू काय वाचतोस?” बशीरने आपले पुस्तक सांगितले. साहेबांनी ते पाहायला मागितले. तेव्हा तो म्हणाला, की माझ्या बहिणीचे पुस्तक तर याहून चांगले आहे! त्याने तेही आणून दाखवले. साहेबांनी ते वाचले. पुढे या पुस्तकाला सरकारकडून एक हजार रुपयांचे बक्षीस मिळाले. बशीरने त्या दिवशी फक्त स्वतःच्याच पुस्तकाची तारीफ केली असती, तर ही गोष्ट घराबाहेर पडायला आणखी किती दिवस लागले असते, कोण जाणे.

मराठीची सुरुवातही अशीच एका स्त्रीच्या गोष्टीने झाली. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी 1857 साली आली. यमुना आपल्या पतीबरोबर गावोगाव प्रवास करते आणि विधवा स्त्रियांचे हाल पाहते. दोन्ही लेखकांची भाषा वेगळी, धर्म वेगळा, प्रांतही वेगळा. तरी दोघांपुढे प्रश्न घरातल्या मुलीबाळींचाच होता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आता आपल्या आवडीच्या पुस्तकांकडे येऊ. इब्ने सफी यांचे नाव तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांची ‘जासूसी दुनिया’ ही मालिका 1952 साली अलाहाबादहून सुरू झाली. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद ही त्यातली जोडी. याच कथा हिंदीतही छापल्या जात. पण तिथे फरीदीचे नाव होते कर्नल विनोद! हमीद मात्र हमीदच राहिला. म्हणजे एका गल्लीतले दोन मित्र एकाच नायकाबद्दल बोलत असले, तरी एकाचा फरीदी आणि दुसऱ्याचा विनोद. मराठीत त्याच काळात बाबुराव अर्नाळकर यांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी वाचकांना वेड लावले होते. काही शिक्षकांना अशी पुस्तके आवडत नाहीत. पण वाचनाची गोडी अनेकांना याच पुस्तकांनी लावली, हे खरे आहे.

प्रेमचंद तर दोन्हीकडचे. त्यांनी लेखनाला उर्दूत सुरुवात केली. त्यांची ‘बाजारे हुस्न’ ही कादंबरी त्यांनी आधी उर्दूत लिहिली, पण छापून आली ती आधी हिंदीत, ‘सेवासदन’ या नावाने. 1936 साली आलेल्या ‘गोदान’मध्ये होरी नावाचा गरीब शेतकरी आहे. दारात एक गाय असावी, एवढीच त्याची इच्छा. ही कादंबरी तुम्ही उर्दूत वाचा, मराठी शाळेतला तुमचा मित्र देवनागरीत वाचेल. मग दोघे बसून होरीबद्दल बोला.

पुस्तक सुचवायचे म्हणजे नुसते “फार छान आहे” म्हणायचे नाही. त्यातून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. गोष्ट कुणाची आहे, कुठे घडते, माणूस कोणत्या अडचणीत सापडतो, एवढे सांगावे आणि थांबावे. शेवट सांगून टाकणारा मित्र कुणालाच नको असतो! शिवाय समोर कोण आहे, तेही पाहावे. ज्याला रहस्यकथा आवडतात, त्याच्या हाती एकदम सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी देऊ नये. आणि त्याला पुस्तक नाही आवडले, तर रुसू नये. तू कोणत्या पानावर थांबलास, असे विचारावे. त्या उत्तरातून पुष्कळ कळते.

मी तुम्हांला एक मराठी कादंबरी सुचवतो. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’. ती 1955 साली प्रसिद्ध झाली. आकाराने लहान आहे आणि लेखकाची वाक्येही छोटी आहेत. म्हणून मराठी नव्याने वाचणाऱ्याला ती जड जात नाही. गावकऱ्यांच्या तोंडी माणदेशी बोली आहे. तिथे अडलात, तर ते संवाद मराठी मित्राकडून मोठ्याने वाचून घ्या. कानांवर पडले, की अर्थ लागतो.

एक तरुण मास्तर पायी चालत धनगरांच्या एका छोट्या वाडीत येतो. तिथली शाळा बंद पडलेली. मुले मेंढरांमागे रानात जातात. आपली मुले शिकून काय करणार, असे लोकांना वाटते. मास्तरला ना कुणी ओळखते, ना कुणी विचारते. मग तो लोकांच्या लहानसहान अडचणी सोडवू लागतो. गावचा म्हातारा कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो. हळूहळू मुले शाळेत येतात. गावकरी स्वतःच्या कष्टाने एक तालीमसुद्धा बांधतात. सगळे सुरळीत चालले आहे असे वाटते आणि त्याच वेळी पाऊस दगा देतो. मेंढरांना चारा नाही, माणसांना पाणी नाही. आता वाडीचे काय होणार आणि मास्तर काय करणार, ते मी सांगणार नाही.

शब्दार्थ
हकिकत – घडलेली गोष्ट
अविचारी – विचार न करता वागणारी
दौरा – कामासाठी केलेला प्रवास
धनगर – मेंढ्या पाळणारे लोक
तालीम – व्यायामशाळा, आखाडा
दगा देणे – ऐन वेळी फसवणे

स्वाध्याय
1. नझीर अहमद यांनी मुलींसाठी गोष्ट का लिहिली?
2. ‘तालीम’ या शब्दाचा उर्दूतील आणि मराठीतील अर्थ लिहा. प्रत्येक अर्थाचे एक वाक्य तयार करा.
3. तुम्हांला आवडलेल्या एका उर्दू कादंबरीबद्दल मराठी मित्राला किंवा मैत्रिणीला दहा ओळींचे पत्र लिहा. शेवट सांगू नका.