ओढ्याकाठची गस्त

छात्रांनो, गस्तीवरून परतलेल्या जवानाला पहिला प्रश्न असतो, "काय पाहिलेस?" काय वाटले, हे नंतर. जंगलातल्या ओढ्यावर चतुर आणि टाचण्यांची पाहणी करतानाही हाच नियम पाळायचा असतो.

भारतात या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत एक लष्करी डॉक्टर होते. लेफ्टनंट कर्नल एफ. सी. फ्रेझर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. नोकरी सांभाळून त्यांनी कोडगू, निलगिरी, मलबारकडच्या ओढ्यांवर कीटक गोळा केले. चतुर-टाचण्यांवरचे त्यांचे तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले.

ओळख सोपी आहे. चतुर दणकट असतो आणि बसताना पंख पसरतो. टाचणी सडपातळ असते. तिच्या बहुतेक जाती पंख पाठीवर मिटून बसतात. दोघांचीही पिल्ले पाण्यात वाढतात.

पाहणीसाठी ओढ्याचा १०० मीटरचा तुकडा ठरवा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी, शिक्षकांसोबत, काठाने सावकाश चाला. एकाने पाहावे, दुसऱ्याने लिहावे. तारीख, वेळ, सावली, पाण्याचा वेग, जात, संख्या आणि कीटक काय करत होता, हे सारे नोंदवा. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव न लिहिता "अनोळखी" लिहा. दगडावर किंवा मुळावर चिकटलेली रिकामी कात सापडली, तर ती खास नोंदवा. उडणारा चतुर दुसरीकडून आलेला असू शकतो. कात मात्र तो इथल्याच पाण्यात वाढल्याचे सांगते. पुढच्या वेळीही तोच तुकडा, तीच वेळ ठेवा. पावसात पाणी अचानक चढते, तेव्हा ओढ्यात उतरू नका.

आता खरी मेख. नुसती जातींची बेरीज फसवते. काठची झाडे तुटून ऊन आत आले, की भातखाचरांवर आणि तळ्यांवर सर्रास दिसणारे चतुर तिथे येतात. जातींचा आकडा वाढूही शकतो. पण दाट सावलीत राहणाऱ्या प्रोटोस्टिक्टासारख्या नाजूक टाचण्या मात्र नाहीशा होऊ लागतात. वहीत प्रगती दिसते आणि जंगल मागे हटलेले असते.

म्हणून किती यासोबत कोणत्या, हे लिहा. मागच्या खेपेला दिसलेली टाचणी आज दिसली नाही, तर तिच्यासमोर शून्य लिहा. रकाना कोरा ठेवू नका. पुढच्या तुकडीला त्या शून्यावरूनच कळेल, की तुम्ही तिला शोधले होते.